दार कुठे उघडतं?

मुंबईत हिंदमाता चौकातून नायगावकडे गेलं की बीडीडी चाळींचा परिसर लागतो. ४२ चाळींची ही वसाहत आता पुनर्विकासात निघाली आहे. पाडकाम पुरं होण्याआधी या इमारतींची रचना समजून घ्यायला हवी. घराला घर जोडायचं, मधली भिंत दोघांत एकच ठेवायची आणि जागा वाचवायची, हे तिचं मूळ सूत्र.

इंग्लंडमध्ये हेच सूत्र श्रीमंतांसाठी वापरलं गेलं. बाथ शहरातली ‘रॉयल क्रेसेंट’ ही ३० घरांची चंद्रकोरी रांग धाकट्या जॉन वुडने १७६७ ते १७७४ या काळात उभारली. दर्शनी भिंत सलग, एकाच घडणीची. घेणाऱ्याने त्या भिंतीतला आपला वाटा घ्यायचा आणि मागचं घर आपल्या सोयीने बांधायचं. त्यामुळे पुढून सारखी दिसणारी घरं मागून निरनिराळी आहेत. प्रत्येकाला तळापासून छपरापर्यंत उभं घर मिळालं आणि स्वतःचं दार थेट रस्त्यावर.

मुंबईत ही रांग आडवी झाली. मजल्यावर ओळीने खोल्या आणि त्यांच्यापुढे सगळ्यांची मिळून एक वाट. गिरगावातल्या जुन्या चाळींत ही वाट म्हणजे लाकडी कठड्याची गॅलरी. उजेड-वारा तिथूनच आत येतो, कपडे तिथेच वाळतात, आणि खालच्या चौकातलं कार्य प्रत्येक बिऱ्हाडाला दारातून दिसतं. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून गणेशोत्सव होतो. अशा उत्सवाला या रचनेचा मोठा आधार मिळाला.

बीडीडी चाळींत ही वाटच आत गेली. १९२० साली सरकारने ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट’ स्थापन केलं आणि प्रामुख्याने गिरणी कामगारांसाठी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, म्हणजे एका चाळीत ८०. खोली १६० चौरस फुटांची. लाकडाची जागा काँक्रीटने घेतली. मधोमध बोळ आणि दोन्ही अंगांना खोल्या ठेवल्याने एकाच वाटेवर दुप्पट बिऱ्हाडं बसली. पण बोळ अंधारा झाला, आणि खोलीला बाहेरचा वारा एकाच बाजूने उरला. समोरासमोरची दारं उघडी राहिली तरच वारा आरपार खेळणार. दाराला पडदा लावून दार दिवसभर उघडं ठेवायची चाळीची रीत म्हणजे शेजारधर्म खराच, पण ती हवेचीही गरज होती.

वरळीत ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ रहिवाशांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचं, संडास घरात. शंभर वर्षं संडासापुढच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कुटुंबांचा हा हक्कच होता, आणि नायगावकरांनाही तो लवकर मिळावा. मात्र पाडण्याआधी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी नायगावची निदान एक चाळ खोली-खोलीने मोजून तिचे नकाशे काढावेत, आणि नव्या टॉवरच्या प्रत्येक मजल्यावर उजेडाची, चार माणसं बसू शकतील अशी सामाईक जागा रहिवाशांनी आग्रहाने मागून घ्यावी.