न्यूड : ऐकीव आणि खरं

चित्रप्रदर्शनात एखादं न्यूड लागलेलं असलं की माणसं दोन तऱ्हांनी वागतात. काही जण झपाझप पुढच्या चित्राकडे सरकतात, तर काही जरुरीपेक्षा जास्त वेळ थांबून रंगलेपनाविषयी बोलू लागतात. या चित्रप्रकाराचं सगळं आपल्याला ठाऊक आहे, याची मात्र दोघांनाही खात्री असते. कुणाच्या लेखी ते पाश्चात्त्यांचं थेर असतं, कुणाच्या लेखी चित्रकाराचा आंबटशौक. ही मतं बहुतेक वेळा ऐकीव असतात.

सगळ्यांत घट्ट रुतलेली समजूत म्हणजे न्यूड हे बाईचंच असतं. युरोपात कित्येक शतकं गोष्ट उलटी होती. ग्रीक शिल्पांत पुरुष उघडा आणि स्त्री वस्त्रांत, हा रिवाज. प्रॅक्सिटेलीसने इसवी सनपूर्व चौथ्या शतकात पूर्ण विवस्त्र अ‍ॅफ्रोडायटी घडवली आणि तिची ख्याती झाली, ती हा रिवाज मोडल्यामुळेच. रेनेसाँसच्या काळातल्या कार्यशाळांतही मॉडेल म्हणून उभा राहायचा तो बहुधा हाताखालचा पोरगा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मायकेलअँजेलोचं लाल खडूतलं एक रेखाटन आहे. सिस्टीन चॅपेलच्या छतावर लिबियन सिबिल नावाची भविष्य सांगणारी स्त्री आहे, तिच्यासाठी केलेला हा कच्चा अभ्यास. कागदावरची पाठ मात्र सरळसरळ तरण्या पुरुषाची आहे. फऱ्याचा एकेक स्नायू बोटाने चाचपावा इतका उठून आलेला. त्याच कागदावर मायकेलअँजेलोने डाव्या पायाचा अंगठा आणि बोटं पुन्हा पुन्हा काढून पाहिली आहेत, कारण आकृतीचा सगळा तोल तिथे आहे. छतावर चढताना याच देहाला वस्त्रं मिळाली आणि बाईचा चेहरा मिळाला.

पुढे अकादम्या निघाल्या, तेव्हा शिक्षणाची पायरी ठरून गेली. आधी छापील चित्रांच्या नकला, मग प्लास्टरचे पुतळे आणि हात बसल्यावरच जिवंत मॉडेल. पॅरिसमध्ये अकादमीचा हा मॉडेल दीर्घकाळ पुरुषच असे. हेतू रोकडा होता. पुराण, बायबल आणि इतिहास यांवरची भव्य चित्रं सर्वांत मानाची, आणि वस्त्राखालचा देह चुकला की वस्त्राच्या चुण्याही चुकतात.

चर्चने नग्नता कधी खपवून घेतली नाही, असंही ठोकून दिलं जातं. पण मायकेलअँजेलोचं ‘लास्ट जजमेंट’ (१५३६–४१) हे भित्तिचित्र खुद्द पोपच्या चॅपेलमधलं, पोपनेच सांगून काढून घेतलेलं. कुरकुर पहिल्यापासून होती, तरी वीसेक वर्षं ते होतं तसं राहिलं. प्रॉटेस्टंट टीकेचा दाब वाढल्यावर १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने देवळांतल्या चित्रांबाबत सोवळेपणाचा ठराव केला. १५६४ च्या जानेवारीत झाकाझाकीचा निर्णय झाला आणि फेब्रुवारीत मायकेलअँजेलो वारला. काम गेलं त्याच्याच स्नेह्याकडे, दानिएले दा व्होल्तेराकडे. त्याबद्दल बिचाऱ्याला ‘चड्डीवाला’ हे टोपणनाव कायमचं चिकटलं.

बहुतेक आकृत्यांवर त्याने नुसतं कापड रंगवलं. संत कॅथरीन आणि तिच्यामागचा संत ब्लेझ यांच्याबाबतीत मात्र एवढ्याने भागण्यासारखं नव्हतं. कॅथरीन विवस्त्र वाकलेली आणि ब्लेझ मागून तिच्यावर झुकलेला, ही मांडणीच लोकांना भलतं काही सुचवत होती. दानिएलेने तिथला गिलावा छिन्नीने उडवला, नवा ओला गिलावा चढवला, कॅथरीनला हिरवा झगा घातला आणि ब्लेझचं तोंड पलीकडे वळवलं. १९९० ते ९४ या काळात भिंत साफ करताना नंतरच्या शतकांतली बरीच वस्त्रं उतरवली गेली. कॅथरीनचा झगा काढण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्याखाली मूळ चित्र उरलेलंच नाही. ती आधी कशी होती हे कळतं मार्चेल्लो व्हेनुस्ती याने १५४९ मध्ये केलेल्या नकलेवरून. ती नक्कल नेपल्सला आहे.

आता माने. (आडनावावर जाऊ नका, एदुआर माने हा अस्सल पॅरिसचा.) १८६५ च्या सलोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनात, त्याच्या ‘ऑलिंपिया’वर इतका गहजब झाला की चित्र काढून दारावर उंच टांगावं लागलं. चित्रात नग्न बाई होती म्हणून हे झालं, असं आपण वाचतो. दोनच वर्षांपूर्वी त्याच सलोनमध्ये काबानेल या चित्रकाराची विवस्त्र व्हीनस झळकली होती आणि तिसऱ्या नेपोलियनने ती स्वतःसाठी विकत घेतली होती. आज दोन्ही चित्रं पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. व्हीनस लाटेवर पहुडली आहे, वर पंखवाली बाळं, डोळे हाताआड अर्धे मिटलेले. बघणाऱ्याने खुशाल बघावं, ती काही विचारणार नाही. ऑलिंपिया साध्या पलंगावर आहे. गळ्यात काळी फीत, पायात सपाता, त्यातली एक सुटलेली, पायथ्याशी शेपटी उभारलेलं काळं मांजर. मागे कृष्णवर्णीय दासी कागदात गुंडाळलेला गुच्छ घेऊन आली आहे, म्हणजे कुणीतरी गिऱ्हाईक दारात आहे. आणि ही बाई सरळ समोर बघते आहे. गुच्छ कुणी पाठवला, तर चित्रासमोर उभ्या असलेल्या सद्गृहस्थानेच! मांडणी मानेने तिशियनच्या १५३८ मधल्या ‘व्हीनस ऑफ उर्बिनो’वरून उचलली होती, फक्त तिथल्या झोपलेल्या कुत्र्याच्या जागी मांजर आलं. देवीचं नाव असलं की देह चालत होता. पत्ता ठाऊक असलेल्या बाईचा देह चालत नव्हता.

या चित्राची मॉडेल व्हिक्टोरीन म्यूराँ हिच्याविषयी तर निव्वळ दंतकथा चालल्या. ती वेश्या होती, दारूत बुडून तरुणपणीच मेली वगैरे. म्यूराँ स्वतः चित्रकार होती. १८७६ च्या सलोनने तिचं आत्मचित्र स्वीकारलं आणि त्याच वर्षी मानेची चित्रं नाकारली. ती वारली १९२७ मध्ये, ऐंशी ओलांडून. मॉडेल म्हणजे चित्रकाराची ठेवलेली बाई, ही समजूत सगळीकडे सापडते. खरं तर ते तासावारी पैसे मिळणारं, अंग आंबवणारं काम होतं आणि आहे.

बायकांनी थोर न्यूड का रंगवली नाहीत, या प्रश्नाचं उत्तर प्रतिभेत शोधायची गरज नाही. ते प्रवेशाच्या नियमांत आहे. लंडनच्या रॉयल अकादमीच्या १७६८ च्या संस्थापकांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोघी होत्या. चित्रकार झोफानीने अकादमीतल्या लाइफ क्लासचं, म्हणजे जिवंत मॉडेलवरून रेखाटनाच्या वर्गाचं, चित्र काढलं, त्यात पुरुष सभासद मॉडेलभोवती जमले आहेत आणि या दोघी भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत आहेत. मॉडेल विवस्त्र, तिथे बायकांनी बसायचं कसं? अकादमीने विद्यार्थिनींना मॉडेल दिला तो १८९३ मध्ये, तोही कमरेला गुंडाळून. फिलाडेल्फियात टॉमस ईकिन्सने विद्यार्थिनींसमोर पुरुष मॉडेलची लंगोटी काढली, तर १८८६ मध्ये त्याला नोकरी सोडावी लागली. सुझान व्हालादों पॅरिसमध्ये मॉडेलचं काम करता करता चित्रकार झाली. तिने १९०९ मध्ये स्वतःला ईव्ह आणि प्रियकराला अ‍ॅडम करून दोघांना विवस्त्र रंगवलं. पुढे प्रदर्शनासाठी अ‍ॅडमच्या कमरेला वेलीची पानं बांधावी लागली. ईव्ह तशीच राहिली. तिच्याविषयी कुणाची हरकत नव्हती.

आपल्याकडे दोन उलटसुलट समजुती एकाच बैठकीत ऐकू येतात. न्यूड आपल्या संस्कृतीत बसत नाही. आणि खजुराहोच्या देशात कसली आली लाज. देवळांतली शिल्पं तालमानाच्या ठरीव मापांनी घडत, समोर मॉडेल बसवून नव्हेत. तेव्हा खजुराहोचा दाखला मुंबईच्या जेजे कलाशाळेच्या लाइफ क्लासला लागू पडत नाही. पण जेजेही १८५७ मध्ये सुरू झालं आणि लगेच मॉडेल उभा राहिला असं झालं नाही. नग्न मॉडेलवरून अभ्यास तिथे रुजला तो १९१९ च्या सुमारास, ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात. गंमत म्हणजे हेच सॉलोमन अजिंठ्याचे भक्त होते. शंभर वर्षांनीही हा वर्ग पचत नाही, हे २०१७ मध्ये दिसलं. अशा मॉडेलवरचा रवी जाधव यांचा ‘न्यूड’ गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात इंडियन पॅनोरमाचा उद्घाटनाचा चित्रपट म्हणून निवडला गेला आणि केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो यादीतून काढून टाकला.

राहिला कायदा. न्यूड काढणं, लावणं किंवा बाळगणं हा आपोआप गुन्हा होत नाही. रणजित उदेशी खटल्यात १९६४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की कलेतली नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे. त्या खटल्यात पुस्तकविक्रेता उदेशी हरला, तो भाग वेगळा. त्याआधी १९५४ मध्ये चित्रकार अकबर पदमसींच्या ‘लव्हर्स’ या चित्रांवरून जहांगीर आर्ट गॅलरीत पोलीस आले. चित्रं उतरवा म्हटल्यावर त्यांनी नकार दिला, खटला चालला आणि ते सुटले. त्याहीआधी, १९४९ मध्ये, गोव्यातल्या साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सूझांनी स्वतःचंच विवस्त्र चित्र मुंबईत प्रदर्शनाला लावलं होतं आणि त्यावरून गदारोळ झाला होता. त्याच वर्षी ते लंडनला गेले.

याच दोघांच्या सात कलाकृती अलीकडे मुंबईत कस्टम्सने अश्लील ठरवून जप्त केल्या, तेव्हा सूझाही हयात नव्हते आणि पदमसीही. आधार घेतला होता १९६४ च्या एका अधिसूचनेचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जप्ती रद्द केली. प्रत्येक न्यूड किंवा संभोगाचं प्रत्येक चित्र अश्लील म्हणता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. अधिकाऱ्याने तज्ज्ञांची मतं बाजूला सारली आणि देह उघडा आहे एवढ्यावरच तो अडून बसला, यावर न्यायालयाने चांगलेच ताशेरे ओढले.