वर्गणी आमची, मुखत्यारी त्यांची

आमच्या शिरगांवास गुरुवारीं संध्याकाळीं ओटीवर बसण्याची सोय राहिलेली नाहीं. प्रतिशिर्डीच्या दर्शनासाठीं येणाऱ्या मोटारींचा ओघ सोमाटणे फाट्यापासून सुरू होतो, आणि त्यांच्या भोंग्यांपुढें शेजारच्या माणसाचेंहि बोलणें ऐकूं येत नाहीं. म्हणून त्या दिवशीं आमच्या घरचीं मंडळी दिवेलागणीनंतर दारें लावून माजघरांत जमतात व टीव्हीवर एखादें मराठी नाटक लावतात. गेल्या कार्तिकांतील अशाच एका गुरुवारीं जो प्रकार घडला, तो वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक आहे. परंतु ज्यांच्या घरीं ओटीटीची वर्गणी भरली जाते, आणि हल्लीं ती कोणत्या घरीं भरली जात नाहीं, त्यांनीं त्याचा थोडा विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

आमचे वडील बंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणतें, ७८ वर्षांचे आहेत. त्यांची सर्व नोकरी लोणावळ्यास रेल्वेंत झाली. बोरघाट चढणाऱ्या गाड्यांस मागून रेटा देणारीं जीं इंजिनें, त्यांच्या सहवासांत उजवा कान पार गेला व डावा निम्मा उरला. कानांत घालावयाचें यंत्र आहे. परंतु त्यानें आवाज मोठा होतो, स्पष्ट होत नाहीं. दादांची खरी अडचण आवाजाची नसून वेगाची आहे. शब्द एकमेकांत मिसळून जातात. दोन वर्षांपूर्वीं चि. पुतण्यानें (हा हिंजवडीस संगणकाच्या कामावर आहे) एका कंपनीची वार्षिक वर्गणी भरली. त्या सेवेंत बोलण्याची गति पाऊणपट करण्याची एक सोय होती. त्या एका कळीनें दादांस नाटक परत मिळालें. पद सुरू झालें कीं वहिनी गति पूर्ववत् करीत, कारण पाऊणपट गतीचें नाट्यसंगीत दादांच्यानें ऐकवत नसे. पद संपलें कीं पुन्हां कळ. या व्यवहारांत त्या इतक्या तरबेज झाल्या होत्या कीं, पेटीचा पहिला सूर निघतांच त्यांचा हात रिमोटकडे जाई.

त्या गुरुवारीं ती सोय जागेवर नव्हती. वहिनींनीं साऱ्या कळा दाबून पाहिल्या. आम्हीं चष्मा पुसून पुन्हां पाहिलें. मुलांनीं टीव्ही बंद करून परत सुरू केला. नाटक आपल्या वेगानें चाललेंच होतें. दादा कांहीं वेळ हंसऱ्या चेहऱ्यानें पडद्याकडे पाहत बसले. मग "तुमचें चालूं द्या, मला आज झोंप येते आहे," असें म्हणून उठले. तेव्हां साडेसात वाजले होते.

रात्रीं पुतण्या आला. त्यानें शोध करून सांगितलें, "काका, कांहीं बिघडलेलें नाहीं. ती सोय आतां वरच्या वर्गणीवाल्यांसाठीं ठेवली आहे." "अरे, पण आपली वर्गणी फाल्गुनापर्यंत भरलेली आहे ना?" "ती सेवेची भरली आहे, काका. त्या सोयीची वेगळी अशी कधीं भरलीच नव्हती." यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. कंपनीकडून पत्र, संदेश, सूचना यांपैकीं कांहींच आलें नव्हतें. अटींचा जो लांबलचक कागद आरंभीं आपण न वाचतां मान्य करतों, त्यांत मात्र सेवेंत केव्हांहि व सूचना न देतां फेरफार करण्याचा अधिकार कंपनीनें आपणांकडे राखून ठेवलेला आढळला.

हें शक्य कसें होतें, तें पुतण्यानेंच समजावून दिलें. पूर्वीं आपण रेडिओ विकत घेतला म्हणजे त्याच्या खुंट्या आपल्या घरीं असत. विकणारा रात्रीं येऊन एखादी खुंटी काढून नेऊं शकत नसे. ओटीटीमध्यें घरचा पडदा ही केवळ खिडकी होय. खुंट्या कंपनीच्या घरीं असतात, आणि कोणत्या वर्गणीदारास कोणती दाखवावयाची हें तेथें बसून क्षणांत ठरवितां येतें. वर्गणी वाढविली तर गिऱ्हाईक चटकन् जागें होतें. सोय काढून घेतली तर निम्म्यांच्या लक्षांत येत नाहीं आणि उरलेल्यांस आपणच कांहीं चुकीचें दाबलें असें वाटतें. आम्हांसहि प्रथम तसेंच वाटलें होतें.

हा अनुभव आमच्या एकट्याचा असता तर त्यासाठीं या मासिकाचीं पानें खर्चीं घातलीं नसतीं. नोव्हेंबर २०२५ मध्यें नेटफ्लिक्सनें मोबाईलवरचें चित्र टीव्हीवर पाठविण्याची सोय बहुतेक टीव्हींपुरती बंद केली. लोकांस तें कळलें तें सोय चालेनाशी झाल्यावर. ॲमेझॉननें २०२४ च्या आरंभीं अमेरिकेंत प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू केल्या आणि त्याच सुमारास जाहिरातींसह पाहणाऱ्यांचें डॉल्बी प्रतीचें चित्र व ध्वनि गुपचूप काढून घेतले. आपल्याकडे जाहिराती १७ जून २०२५ पासून आल्या. तशी सूचना महिनाभर आधीं आली होती हें खरें. परंतु ज्यांनीं वर्ष अगोदरच भरलें होतें, त्यांसहि जाहिराती नको असल्यास महिन्यास १२९ किंवा वर्षास ६९९ रुपये जादा, असा तो निरोप होता.

आमच्या गांवाजवळच गहुंजे येथें क्रिकेटचें मोठें मैदान आहे. २०२२ सालीं तेथें आयपीएलचे सामने झाले, ते हॉटस्टारच्या वर्गणीदारांनीं घरबसल्या पाहिले. पुढच्या वर्षीं ती स्पर्धा जिओसिनेमाकडे गेली, आणि ३१ मार्च २०२३ नंतर हॉटस्टारवरून एचबीओच्या मालिकाहि गेल्या. १४ फेब्रुवारी २०२५ रोजीं हीं दोन्हीं घरें एक होऊन जिओहॉटस्टार झालें. याबद्दल आम्ही कंपन्यांस फारसा दोष देत नाहीं. चित्रपट, मालिका, सामने यांचे हक्क मुदतीनें घेतलेले असतात. मुदत संपली कीं माल जाणारच. गति, चित्राची प्रत, टीव्हीवर पाठविण्याची सोय यांचें तसें नाहीं. त्या कोणाकडून भाड्यानें आणलेल्या नसतात. त्या कंपनीच्या स्वतःच्या असतात आणि त्या पाहूनच आपण वर्गणी भरलेली असते.

ज्या वेळीं वस्तूच परत नेली गेली असाहि एक प्रसंग आहे. जुलै २००९ मध्यें ॲमेझॉननें जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती लोकांच्या किंडल यंत्रांतून दूरूनच पुसून टाकल्या, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले. परंतु एका शाळकरी विद्यार्थ्यानें अभ्यासासाठीं केलेल्या टिपणांचा आधारच त्याबरोबर नाहींसा झाला. तो न्यायालयांत गेला. कंपनीच्या प्रमुखांनीं त्याआधींच उघड क्षमा मागितली होती. जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेल्या आमच्यासारख्यास त्या टिपणांचेंच अधिक वाईट वाटतें.

आमच्या प्राचीन व्यवहारशास्त्रांत या तंट्यांस नांवें आहेत. मनूनें सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत 'संविद्व्यतिक्रम' म्हणजे ठरलेला करार मोडणें, व 'क्रयविक्रयानुशय' म्हणजे खरेदी-विक्रीनंतर मन फिरणें, हीं दोन पदें आहेत. कौटिल्यानें मन फिरण्यास मुदतहि घालून दिली: व्यापाऱ्यास एक रात्र, शेतकऱ्यास तीन, गुराख्यास पांच. मालांत दोष किंवा तशीच आपत्ति नसतां विकलेला माल न देणाऱ्यास बारा पण दंड. म्हणजे व्यापार हाच ज्याचा धंदा, त्यास सर्वांत कमी अवधि! आमच्या कंपनीचा अनुशय वर्षभर चालतो, तोहि एकतर्फी.

आजचा कायदा अगदींच मुका नाहीं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें 'अनुचित करार' ही कल्पना आणली. परंतु तो मुद्दा घेऊन थेट राज्य आयोगाकडे जावें लागतें. दीडहजारांच्या वर्गणीसाठीं तेथवर कोण जातो? सेवेंतील उणीव म्हणून जिल्हा आयोगाकडे मात्र जातां येतें, आणि पांच लाखांपर्यंतच्या व्यवहारास फी नाहीं. मोबाईल सेवेच्या बाबतींत घेतलेल्या योजनेचे दर सहा महिने वाढवूं नयेत असा ट्रायचा दंडक आहे. ओटीटीस मात्र २०२१ चे जे नियम लागू झाले, ते कोणत्या वयाच्या मुलांनीं काय पाहावें व तक्रार कोणाकडे न्यावी यांविषयीं आहेत. भरलेल्या वर्षांत सोयी कायम ठेवाव्यात असा शब्द त्यांत नाहीं. जर्मनींत ग्राहकसंघटनेच्या दाव्यावरून म्यूनिचच्या न्यायालयानें डिसेंबर २०२५ मध्यें, जुन्या वर्गणीदारांवर केवळ एका ई-मेलनें जाहिराती लादणें बेकायदेशीर ठरविलें. तो निकाल आमच्याकडील एखाद्या वकिलानें मन लावून वाचावा.

पुतण्या जादा रक्कम भरावयास तयार होता. दादांनीं साफ नकार दिला. "माझ्या कानासाठीं त्यांना बक्षीस कशाला?" असें ते म्हणाले. दादांस राग आलेला आम्हीं फार दिवसांनीं पाहिला, आणि खरें सांगावयाचें तर बरें वाटलें. आम्हीं १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर मराठींतच तक्रार नोंदविली. कंपनीचें उत्तर आलें आहे. त्यांत अटींच्या त्याच कागदाचा हवाला आहे. आतां जिल्हा आयोगाकडे अर्ज करावयाचा तो पुतण्या व आम्ही मिळून लिहीत आहों. वर्गणी भरतेवेळीं त्या सोयीचें वर्णन दाखविणारें पान पुतण्यानें जपून ठेवलें होतें, तें त्यास जोडूं. पुढें घेतलीच तर वर्गणी महिन्याची घ्यावयाची, वर्षाची नाहीं, असें घरांत ठरलें आहे.

मध्यंतरीं गुरुवारीं टीव्ही बंद असतो. नाटकाचें पुस्तक घेऊन आम्ही दादांच्या डाव्या कानाशीं बसतों व संवाद वाचतों. पदें वहिनी म्हणतात. मागच्या खेपेस तिसऱ्या अंकांत दादांनीं आम्हांस थांबवून, वर्गांत वाचीत होतास तसा सावकाश वाचूं नकोस, थोडा वेग घे, असें सांगितलें.