प्रतिकारच झाडाच्या मुळावर उठतो तेव्हा

वनस्पतींच्या शरीरात रक्ताभिसरण नसते आणि रोगजंतूंचा माग काढणाऱ्या फिरत्या पेशीही नसतात, त्यामुळे झाडातील प्रत्येक पेशीला स्वतःचे रक्षण स्वतःच करावे लागते आणि संकटाची वार्ता इतर पेशींपर्यंत पोहोचवावी लागते. हे काम अत्यल्प मात्रेत तयार होणारी जी रसायने करतात, त्यांना संप्रेरके म्हणतात. त्यांपैकी सॅलिसिलिक आम्ल हे ॲस्पिरिनचे जवळचे नातलग असून जिवंत पेशींवर जगणाऱ्या जंतूंविरुद्धचा प्रतिकार मुख्यतः तेच जागा करते; १९७९ साली तंबाखूच्या पानांत ॲस्पिरिन टोचल्यावर ती पाने मोझॅक विषाणूला अधिक दाद देईनाशी झाली, तेव्हा या संबंधाचा पहिला पुरावा मिळाला. जॅस्मोनिक आम्ल हे दुसरे संप्रेरक पाने कुरतडणारे किडे आणि पेशी मारून त्यांवर पोसणाऱ्या बुरशी यांच्याविरुद्ध कामी येते. ही दोन्ही संप्रेरके बहुधा एकमेकांना दाबतात, म्हणजे एका शत्रूविरुद्ध सज्ज झालेले झाड दुसऱ्यापुढे काहीसे उघडे पडते.

प्रतिकाराचा समतोल ढळला की काय होते, याचे एक ठळक उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात दिसते. तेथे २००५ साली संत्रावर्गीय झाडांवर ‘ग्रीनिंग’ हा रोग आढळला. शास्त्रीय लेखनात त्याला हुआंगलाँगबिंग म्हणतात. सिट्रस सायला नावाची अगदी लहान, रस शोषणारी कीड या रोगाचे जिवाणू झाडात सोडते आणि पानांनी तयार केलेली साखर मुळांकडे व फळांकडे नेणाऱ्या अन्नवाहिन्यांत ते वस्ती करतात. २००३-०४ च्या हंगामात फ्लोरिडात संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या, तर २०२२-२३ मध्ये तो आकडा दोन कोटींच्याही खाली गेला. त्या वर्षीच्या चक्रीवादळाचा त्यात वाटा होता, पण दोन दशकांची उतरण मुख्यतः या रोगानेच घडवली.

या जिवाणूची चाल धूर्त म्हणावी अशी आहे. सॅलिसिलिक आम्लाचे विघटन करणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, त्याच्यापाशी असते आणि त्याच्या बळावर तो झाडाचा धोक्याचा इशाराच क्षीण करतो. शिवाय बाधित झाडातून मिथाइल सॅलिसिलेट हा याच आम्लाचा वासयुक्त प्रकार अधिक प्रमाणात बाहेर पडतो आणि त्या वासाने सायला तेथे ओढली जाते. काही काळ रस शोषल्यावर ती निरोगी झाडाकडे वळते आणि जाताना जिवाणूही सोबत नेते.

अशा वेळी झाडाचा प्रतिकार वाढवणे हाच उपाय कोणालाही सुचेल, आणि त्या दिशेने बरेच प्रयोग झालेही आहेत. परंतु फ्लोरिडा विद्यापीठातील नियान वांग यांच्या गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणली. त्यांच्या मते झाडाची मुख्य हानी जिवाणू करत नाही, ती झाडाची स्वतःची प्रतिक्रिया करते: बाधा होताच अन्नवाहिन्यांच्या पेशी पेरॉक्साइडसारखे दाहक पदार्थ मोठ्या प्रमाणात तयार करतात, कॅलोज नावाच्या बहुशर्करेने वाहिन्यांची छिद्रे बुजवतात आणि अखेर स्वतःच मरतात. संत्रावर्गीय झाडांच्याच खैऱ्या रोगात पानावरील ठिपक्यापुरती हीच प्रतिक्रिया झाली तर ती उपकारक ठरते, कारण जंतू तेथेच कोंडला जातो. अन्नवाहिन्यांतील जिवाणू मात्र झाडभर पसरत असल्यामुळे तीच लढाई सर्वत्र आणि वर्षानुवर्षे चालते, पाने साखरेने तुंबतात आणि मुळे उपाशी मरतात. या गटाने बाधित झाडांवर जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक फवारले, तेव्हा दाहक पदार्थ आणि पेशींचे मरण दोन्ही कमी झाले.

जिबरेलिन विदर्भातील बागाईतदारांना नवे नाही. जिबरेलिक ॲसिड या नावाने संत्र्याची फळगळ रोखण्यासाठी ते युरियासोबत फवारले जाते. तथापि फळगळीची ती शिफारस म्हणजे ग्रीनिंगवरचा इलाज नव्हे, कारण जिबरेलिनने जिवाणू मरत नाही, केवळ झाड तग धरते. मात्रा व वेळ चुकली तर फुलोऱ्यावरही परिणाम होतो. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रावणांकडे तर अधिकच चिकित्सेने पाहायला हवे, कारण कोणत्या शत्रूविरुद्धची आणि झाडाच्या कोणत्या भागातील शक्ती वाढवायची, याचे उत्तर बाटलीवर क्वचितच असते. रोग पसरवणारी सायला अंडी घालते ती कोवळ्या नवतीवरच, म्हणजे नव्या पालवीवरच. म्हणून प्रत्येक नवतीच्या वेळी तिचा बंदोबस्त करावा आणि नव्या लागवडीसाठी रोगमुक्त असल्याची खात्री असलेलीच कलमे घ्यावीत.