हळद, सूज आणि मेंदूत पोचलेला कॅन्सर

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. हिंगोलीच्या मोंढ्यात तर हळदीचे ढीग नेहमीचेच. त्यामुळे ‘हळद सूज घालवते, म्हणजे कॅन्सरही थांबवते’ हा फॉरवर्ड आपल्याकडं जरा जास्तच पटतो. सूज आणि कॅन्सर यांचा संबंध आहे, हे खरं. पण कसा, ते ऐका.

जखम झाली की पांढऱ्या पेशी धावून येतात. जंतू मारतात, नव्या रक्तवाहिन्या वाढवायला मदत करतात. जखम भरली की काम थांबतं. कॅन्सरच्या गाठीत ते थांबतच नाही. हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये गाठीला ‘न भरणारी जखम’ म्हटलं, ते यासाठीच. मॅक्रोफेज म्हणजे खरं तर शरीरातले सफाईवाले. पण गाठीत तेच कॅन्सरच्या पेशींना रक्तवाहिनीत शिरायला वाट करून देतात!

स्तनाचा, फुप्फुसाचा कॅन्सर आणि त्वचेचा मेलॅनोमा मेंदूत जास्त जातात. पण पोचणं वेगळं, रुजणं वेगळं. डॉक्टर स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच बी आणि मातीची उपमा दिली होती. हळदीचं बेणं लावणाऱ्याला ती समजावून सांगायला नको. मेंदूची माती कडक. तिथं गेलेल्या बहुतेक पेशी मरतात. मग उरलेल्या तगतात कशा? २०१६ मध्ये अमेरिकेत जोन मासागे यांच्या गटानं उंदरांवर दाखवलं की त्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या मेंदूतल्या आधारपेशींना चिकटतात आणि बारीक वाटेनं धोक्याचा इशारा देणारा एक रेणू त्यांच्यात सोडतात. ॲस्ट्रोसाइट सूज वाढवणारी रसायनं सोडतात, आणि त्याच रसायनांच्या जोरावर कॅन्सरच्या पेशी केमोथेरपीलाही दाद देत नाहीत. राखणदारानं आरोळी ठोकावी आणि चोरालाच बळ यावं, असला प्रकार.

मग हळद? कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या बशीत सूज कमी करतं. पण पोटात गेलेलं फार थोडं रक्तात टिकतं. भाजीत घाला, इलाज म्हणून नको. शिवाय सगळी सूज दाबणंही बरं नाही, कारण कॅन्सर मारणाऱ्या टी-पेशी याच यंत्रणेतल्या.

घरात कुणाला कॅन्सर होऊन गेलाय आणि आता सकाळी डोकं दुखून उलटी होते, फिट येते किंवा एक हात लुळा पडतोय? त्याला ‘बाहेरचं’ समजून दिवस घालवू नका. लगेच दवाखाना गाठा, मेंदूचा एमआरआय लागेल का ते विचारा. छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे. गाठीभोवतीची सूज उतरवायला डॉक्टर बऱ्याचदा डेक्सामेथासोन देतात. बरं वाटलं म्हणून ती गोळी मनानं एकदम बंद करायची नसते, डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात.