बातमी आहे, पण लिंक मेली! पोर्टलचं ‘राउटिंग’ सांभाळायचं कसं?

व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी तीन-चार वर्षांपूर्वीच्या बातमीची लिंक पाठवतो. उघडायला जावं तर ‘४०४ – पान सापडलं नाही’. अनेकदा बातमी डेटाबेसमध्ये शाबूत असते, तिथं जायची वाट तेवढी मोडलेली असते. स्वतःची सीएमएस, म्हणजे मजकूर चढवण्याची व्यवस्था, बनवून घेणाऱ्या पोर्टलांनी हे आधीच सांभाळायला हवं.

अशा व्यवस्थेत प्रत्येक बातमीची वेगळी फाइल नसते. कुठलाही पत्ता उघडला तरी सर्व्हर ती मागणी एकाच प्रोग्रामकडे देतो. तो पत्त्याचे तुकडे पाडतो, बातमी ओळखतो आणि पान त्याच वेळी तयार करून देतो. हेच डायनॅमिक राउटिंग. ‘संपर्क’, ‘शोध’ अशी ठरलेली पानं आधी तपासावीत, बदलते पत्ते नंतर. नाहीतर प्रोग्राम ‘संपर्क’ नावाची बातमी शोधत बसतो.

नाव बदललं की पत्ता तुटतो

१ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचं सरकारी नाव ‘बेळगावी’ झालं. पत्त्यात शहराचं नाव असेल आणि विभागाचं नाव बदललं, तर त्याखालच्या सगळ्या जुन्या लिंक एका दिवसात मोडतात. मथळ्यातली चूक दुरुस्त केली तरी तेच.

उपाय सोपा आहे. पत्त्यात बातमीचा कायमचा क्रमांक ठेवायचा: ‘/बातमी/४५१२/ऊस-दर-आंदोलन’. प्रोग्रामने बातमी क्रमांकावरून शोधायची, पुढचे शब्द वाचकासाठी. शब्द जुने असतील तर ‘३०१’ देऊन नव्या पत्त्यावर पाठवायचं. ‘३०१’ म्हणजे कायमचं स्थलांतर, ‘३०२’ म्हणजे तात्पुरतं.

देवनागरीची खास अडचण

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रासुद्धा, ३ बाइट घेतं. लिंक कॉपी केल्यावर त्याची ९ चिन्हं होऊ शकतात. ‘बेळगाव’ या एका शब्दाची ५४!

दुसरी गोची ‘शेतकऱ्यांचा’मधल्या ‘ऱ’ची. तो एकाच चिन्हाने लिहिता येतो किंवा ‘र’ला नुक्ता जोडून. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द दिसतात. म्हणून पत्ता साठवताना आणि शोधतानाही तो युनिकोडच्या ‘एनएफसी’ या एकाच रूपात आणावा लागतो.

नव्या व्यवस्थेत जाताना

जुना पत्ता आणि नवा पत्ता अशी यादी करून प्रत्येकाला ‘३०१’ लावावा. सगळ्या जुन्या लिंक मुख्य पानावर ढकलू नयेत. वाचकाला हवी ती बातमी मिळत नाही आणि गूगलही अशा लिंकला ‘पान नाही’ असंच धरू शकतं.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नसतात. सीमाभागातल्या कित्येक सभा, मोर्चे आणि शाळांच्या प्रश्नांची नोंद अशा छोट्या पोर्टलांवरच राहते. म्हणून नवी साइट सुरू करण्याआधी जुन्या लिंकांची यादी काढून त्या उघडून पाहाव्यात. प्रत्येक लिंक आपापल्या बातमीवरच पोचली पाहिजे.