पायाळू बाळाचा खुबा तपासून घ्या

"पोरगी जरा लचकत चालते, पण दुखत नाही तिला. मोठी झाली की होईल नीट." वस्तीतल्या आयांकडून हे मी कितीदा ऐकले आहे. दुखत नाही हे खरे, पण त्याच भरवशावर वर्षे जातात आणि पट्ट्याने भागले असते तिथे ऑपरेशन करावे लागते.

मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातल्या वाटीत बसते, तो खुबा. काही बाळांची वाटी उथळ राहते, डोके सैल असते किंवा वाटीबाहेर सरकते. मुली, पहिले बाळ, पायाळू बाळ आणि घरात आधी कुणाला हा दोष असणे, यांत धोका जास्त. पायाळू बाळ सिझेरियनने झाले तरी धोका असतोच. ग्रहण न पाळल्याने हे होत नाही. आईला बोल लावू नका.

घरी काय पाहाल? लंगोट बदलताना एक मांडी कमी फाकते का? उताणे निजवून दोन्ही गुडघे उभे केले तर एक खाली दिसतो का? दोन्ही खुबे सरकलेले असतील तर पाय सारखेच दिसतात, पण मूल बदकासारखे डुलत चालते.

जन्मानंतर डॉक्टर मांड्या हलवून खुबा तपासतात. पायाळू बाळाची तपासणी चांगली आली तरी सहा आठवड्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी. चार-सहा महिन्यांनंतर एक्स-रे उपयोगी पडतो.

सहा महिन्यांच्या आत बहुतेकदा पावलिक पट्टा पुरतो. तो मनाने काढू नका. त्यानंतर भूल देऊन खुबा बसवतात आणि कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर घालतात. दीड वर्षानंतर बहुधा सांधा उघडावा लागतो. कधी वाटीवरचे हाड कापून वळवतात. ही पद्धत टोरांटोच्या डॉ. सॉल्टर यांनी १९६१ साली मांडली. काहीच केले नाही, तर भरतारुण्यात खुबा झिजून दुखू लागतो.

पाय सरळ करून बाळाला दुपट्यात घट्ट बांधू नका. मालिश करताना पाय ओढू नका, उलटे धरू नका. पाय फाकवून कडेवर घेणे चांगले.

गांधीबागेतल्या डागा रुग्णालयात किंवा कुठेही बाळंतपण झाले, तरी सुट्टी होण्याआधी विचारा: "बाळाचा खुबा तपासला का?" २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष आहे. अंगणवाडीत पथक आले की लचकणारे लेकरू पुढे करा, लपवू नका.