अडकलेल्या पैशाला जामीन कोण?

बँकेत भरलेला पैसा कायद्याच्या नजरेत ठेवीदाराचा राहत नाही. ते त्याने बँकेला दिलेले कर्ज असते आणि पासबुकातला आकडा म्हणजे बँकेने मान्य केलेले देणे. तोच पैसा बँक पुढे कर्जाऊ देते. त्यामुळे सगळे ठेवीदार एकाच दिवशी काउंटरवर आले, तर कितीही सुदृढ बँकेला सर्वांचे पैसे लगेच मोजून देता येणार नाहीत. बँकिंग चालते ते सगळे एकदम येणार नाहीत या गृहीतावर. हे गृहीत टिकावे म्हणून तपासणी, परवाना आणि ठेव विमा अशी सरकारी चौकट उभी राहिली.

ही चौकट दूरदृष्टीपेक्षा ठेच लागल्यामुळेच अधिक घडली. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि महाराष्ट्रातील लक्ष्मी बँक कोसळल्या. १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला, तेव्हा प्रत्येक ठेवीदाराला दीड हजार रुपयांपर्यंत संरक्षण होते. १९९३ मध्ये ही मर्यादा एक लाखावर गेली आणि जवळजवळ २७ वर्षे तिथेच थांबली. ती हलली पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह, म्हणजे पीएमसी बँकेमुळे.

२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या या बँकेवर निर्बंध घातले आणि सहा महिन्यांत खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील असे जाहीर केले. गदारोळ उठल्यावर ही मर्यादा दहा, पंचवीस, चाळीस, पन्नास हजार अशी वाढत गेली आणि जून २०२० मध्ये एक लाखावर पोहोचली. बँकेने मार्च २०१९ अखेर ढोबळ बुडीत कर्जे ३.७६ टक्के दाखवली होती. प्रत्यक्षात एकूण सुमारे ८,८८० कोटींच्या कर्जांपैकी साडेसहा हजार कोटी एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकले होते. ते लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखवण्यात आली होती. लेखापरीक्षण आणि तपासणी दोन्ही होऊनही ही बनवाबनवी वर्षानुवर्षे खपून गेली. बिंग फुटल्यावर व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला पत्र लिहून कबुली दिली.

महाराष्ट्रात सहकारी बँकेत ठेव ठेवताना ताळेबंद वाचणारे थोडे. संचालक कोण, शाखेतला साहेब ओळखीचा आहे का आणि व्याज अर्धा टक्का जास्त मिळते का, एवढे पाहून मुदत ठेवीचा फॉर्म भरला जातो. पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार याच वाटेने गेले. १९१२ साली स्थापन झालेल्या या बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला तो २०२२ मध्ये. मधल्या बहुतेक काळात विमा असूनही त्याचा उपयोग नव्हता, कारण बँक अवसायनात निघाल्याशिवाय विम्याचे पैसे मिळत नसत.

पीएमसीनंतर हे बदलले. ४ फेब्रुवारी २०२० पासून विमा पाच लाखांचा झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देणे बंधनकारक झाले. जानेवारी २०२२ मध्ये पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवी सुटल्या. त्याहून मोठ्या ठेवी मात्र टप्प्याटप्प्याने द्यायच्या ठरल्या आणि शेवटचा हप्ता दहा वर्षांनी ठेवला गेला. निवृत्तीची सगळी पुंजी तिथे ठेवणाऱ्यासाठी ही सुटका कागदोपत्रीच म्हणायची. पतसंस्थांना तर हा विमा मुळीच लागू नाही, आणि गावोगावी लोक पतसंस्थेलाही बँकच म्हणतात.

बँकेवरचा हाच अविश्वास बिटकॉइनच्या मुळाशी आहे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने त्याचा आराखडा ३१ ऑक्टोबर २००८ रोजी, जागतिक आर्थिक संकटाच्या ऐन भरात प्रसिद्ध झाला. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकमध्ये तर बँकांना पुन्हा सरकारी मदत देण्यासंबंधीचा लंडनच्या 'द टाइम्स'चा मथळाच कोरलेला आहे. व्यवहारांची वही एका संस्थेकडे न ठेवता जगभरच्या हजारो संगणकांवर ठेवायची, नोंद बदलणे अतोनात खर्चिक करायचे आणि नाण्यांची संख्या २ कोटी १० लाखांवर बांधून टाकायची, अशी ही रचना आहे. कोणाच्या सचोटीवर विसंबायची गरजच उरू नये, हा तिचा दावा. बिटकॉइनची मूळ वही आजवर कोणी खोटी ठरवू शकलेले नाही, हे मान्य करावे लागते.

पण सामान्य गुंतवणूकदार त्या वहीपर्यंत पोहोचतच नाही. तो मोबाइलवर अशा नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्स्चेंजचे ॲप उघडतो, यूपीआयने पैसे भरतो आणि पडद्यावरची शिल्लक पाहतो. नाण्याची गुप्त किल्ली एक्स्चेंजकडे असते. म्हणजे ही शिल्लकही पुन्हा मान्य केलेले देणेच झाले. बँक टाळायला निघालेला माणूस दुसऱ्या बँकेत शिरतो, आणि तिच्या मागे ना ठेव विमा, ना रिझर्व्ह बँक.

१८ जुलै २०२४ रोजी याचा प्रत्यय आला. वझीरएक्स या भारतातील मोठ्या एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली. ग्राहकांच्या एकूण मालमत्तेचा हा सुमारे ४५ टक्के हिस्सा होता. वॉलेट एकट्यादुकट्याच्या हाती नव्हते. सहा किल्ल्यांपैकी पाच कंपनीकडे, तर एक लिमिनल या सुरक्षा कंपनीकडे होती, आणि व्यवहाराला दोन्हीकडच्या सह्या लागत. पडद्यावर दिसलेला व्यवहार एक आणि सही झालेला दुसराच, असे वझीरएक्सचे म्हणणे पडले. लिमिनलने आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे नाकारले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने संयुक्त निवेदनात या चोरीचे खापर उत्तर कोरियावर फोडले.

पुढचा भाग पीएमसीच्या ठेवीदारांना ओळखीचा वाटावा. पैसे काढणे बंद, खुलाशांवर खुलासे आणि अनिश्चित वाट पाहणे. या एक्स्चेंजचा मालक कोण, यावरून तर २०२२ पासूनच तिचे संस्थापक आणि बायनान्स हे परदेशी एक्स्चेंज यांच्यात जाहीर वाद होता. बायनान्सने २०१९ मध्ये खरेदीची घोषणा केली होती आणि नंतर व्यवहार पूर्णच झाला नाही असे सांगितले. भारतीय ग्राहकांच्या पैशाचा निवाडा सिंगापूरमध्ये झाला, कारण वझीरएक्सच्या ज्या कंपनीने न्यायालयाकडे दिलासा मागितला ती तिथली. तिथल्या उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये पहिला आराखडा फेटाळला, ग्राहकांचे पुन्हा मतदान झाले आणि मंजुरी मिळाल्यावर २४ ऑक्टोबर २०२५ रोजी व्यवहार सुरू झाले. चोरीचा तोटा सगळ्या खातेदारांत वाटला गेला. तुटीच्या हिश्शापोटी पुढे मिळकत झाली तर फेडायची 'रिकव्हरी टोकन' हाती आली. पीएमसीच्या लहान ठेवीदाराला निदान पाच लाखांचा हक्क होता. इथे मिळाली ती मतदानाने ठरलेली तडजोड.

काही एक्स्चेंज स्वतःच्या तिजोरीतून भरपाई करतात. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्सवर सुमारे ४.४ कोटी डॉलरचा डल्ला पडला, तेव्हा कंपनीने तो तोटा स्वतः सोसला. मात्र ती मालकांची मर्जी आणि ऐपत होती, कायद्याची सक्ती नव्हे. किल्ली स्वतःजवळ ठेवणाऱ्याला हा धोका नसतो, पण ती किल्ली परत मिळवण्यासाठीच्या शब्दांची चिठ्ठी हरवली तर दाद मागायला शाखाही नसते. आणि पुण्यात गाजलेल्या 'गेनबिटकॉइन'सारख्या योजनेत, जिथे १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष होते, तंत्रज्ञानाचा संबंध नावापुरताच होता. ती जुनीच साखळी योजना.

भारतीय कायद्याने या क्षेत्राकडे पाहिले आहे ते मुख्यतः कर आणि काळा पैसा यांच्या बाजूने. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी चलनांच्या, व्यवसायांशी संबंध ठेवण्यास मनाई केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला. ग्राहकाची नाणी कशी सांभाळावीत आणि चोरीनंतर कोणी किती भरावे, हे यांपैकी कोणताही नियम सांगत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वझीरएक्सच्याच एका ग्राहकाच्या अर्जावर क्रिप्टो ही मालमत्ता असून ती विश्वस्त म्हणून धारण करता येते असे म्हटले, आणि एक्स्चेंजविरुद्ध भारतीय न्यायालयात दाद मागण्याची वाट थोडी मोकळी केली.